नाही म्हणू न शकणाऱ्याची संमती

सप्टेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाईमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचं ठरलं. सोबत सरकारने दिलासा दिला की कामगाराच्या लेखी संमतीशिवाय जादा काम करून घेता येणार नाही आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागेल. पुढे काही दिवस चर्चा झाली ती तासांची. १२ तास माणसाला झेपतात का, आठवड्याचे ४८ तास कायम असल्यावर बिघडलं कुठे, असे वाद झाले. संमतीच्या अटीकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते त्या निर्णयातला सगळ्यात पोकळ भाग तोच आहे, आणि आपल्याकडच्या मोटार उद्योगातल्या कामगारप्रश्नाचं मूळही तिथेच आहे.

संमती देणार कोण? पुण्याजवळच्या चाकणच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर दुसऱ्या शिफ्टच्या वेळी उभं राहिलं की तो दिसतो. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, यवतमाळकडून आलेला, विशी-पंचविशीतला, बहुधा आयटीआय झालेला. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी इथल्या एखाद्या खोलीत चार-पाच जणांत राहणारा. शेजारच्या खोलीत बिहारचे, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे त्याच्याच वयाचे तरुण. काम मोटार कंपनीच्या आत, पण कागदावर मालक मजूर पुरवणारा ठेकेदार. नेमणूक सहा-सात महिन्यांची, फार तर अकरा महिन्यांची, मग ‘ब्रेक’. ब्रेकनंतर परत बोलावतील की नाही, हे लाईनवरच्या सुपरवायझरच्या मनावर.

या मुलाला शिफ्ट संपता संपता सांगितलं जातं, आज डबल शिफ्ट करायचीय. तो नाही म्हणाला तर काय होईल? कायम कामगाराला काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, प्रकरण कामगार न्यायालयात जाऊ शकतं. कंत्राटी मुलाबाबत यातलं काहीच करावं लागत नाही. दोन दिवसांनी त्याचं गेटपास चालेनासं होतं आणि ठेकेदार त्याला दुसरीकडे बघ म्हणतो. त्याला कुणी काढलेलंच नसतं, त्यामुळे दाद कशाविरुद्ध मागायची हेही त्याला सांगता येत नाही. अशा माणसाकडून घेतलेली लेखी संमती म्हणजे रुजू होताना ज्या कागदांवर सह्या घेतात त्या गठ्ठ्यात आणखी एक कागद. कामाचे तास, विश्रांती, सुरक्षेची साधनं, महिलांच्या रात्रपाळीसाठी त्यांची संमती, या सगळ्या तरतुदींनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे कामगाराला नकार देता येतो. ज्याला तो देता येत नाही त्याच्यापुरते ते कायदे छापील कागद आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मोटार कारखान्यांमध्ये आज पगारवाढीपेक्षा, तासांपेक्षा, कँटीन-बसच्या सोयींपेक्षा मोठा प्रश्न एकाच लाईनवरच्या कामगारांच्या वाटणीचा आहे. आणि ही वाटणी कंपन्यांनी केली असली तरी ती टिकून राहिली त्यात आपल्या युनियनांचाही हात आहे.

असेंब्ली लाईनवर काम कसं चालतं ते न पाहिलेल्या वाचकासाठी थोडं सांगतो. लाईन सतत सरकत असते. गाडीचा सांगाडा तुमच्या स्टेशनवर येतो, ठरलेल्या सेकंदांत तुम्हाला ठरलेले बोल्ट आवळायचे असतात, वायरिंगचा जोड बसवायचा असतो, काच किंवा सीट लावायची असते. या अवधीला टॅक्ट टाईम म्हणतात. मिनिटाला एक गाडी या वेगाची लाईन धरली, तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये जेवण आणि चहाची चाळीस मिनिटं वजा जाता तीच हालचाल ४४० वेळा होते. बारा तासांत, तासभर विश्रांती दिली तरी ६६०. वाकून, हात डोक्याच्या वर नेऊन, बोल्ट आवळायची गन पेलून. लघवीला जायचं तर रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ जागा सांभाळणारा माणूस, यावा लागतो, तो नसेल तर थांबायचं. पाठीचं, मनगटाचं, खांद्याचं दुखणं इथे चाळिशीची वाट पाहत नाही. कंपन्यांना याची पक्की जाणीव आहे. कंत्राटी भरतीच्या जाहिरातींत वयाची अट १८ ते २६-२८ अशी असते, ती काही उगाच नाही. शरीर झिजायला लागायच्या आधी माणूस बदलता येतो, आणि त्या झिजलेल्या शरीराची जबाबदारी पुढे कुणावरच राहत नाही.

त्या लाईनवर एका बाजूचा दरवाजा बसवणारा कायम कामगार असतो, समोरच्या बाजूचा बसवणारा कंत्राटी. दोघांचा टॅक्ट टाईम एकच. पगारात मात्र दोन-तीन पट आणि कुठे कुठे त्याहूनही जास्त अंतर. एकाला कंपनीची बस, दुसरा मोटारसायकलवर तिघे बसून चाकण चौकातल्या कोंडीतून येणारा. त्यांच्यामध्ये आणखी थर आहेत: कंपनी ट्रेनी, ठरावीक मुदतीचा फिक्स्ड टर्मवाला, अ‍ॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार. कारखान्यातच प्रशिक्षण देण्याच्या नावाने २०१३ साली सुरू झालेल्या ‘नीम’ या केंद्राच्या योजनेतले ‘प्रशिक्षणार्थी’ तर कागदावर कामगारच नव्हते, त्यामुळे त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही. ती योजना पुढे गुंडाळावी लागली, पण कल्पना गेली नाही. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे आणि त्याला कामगार कायदे लागू नाहीत, असं १९६१चा अ‍ॅप्रेंटिस कायदाच म्हणतो. २०२४ साली राज्य सरकारने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन सरकारी तिजोरीतून ठरलं. शिकण्याला माझा मुळीच विरोध नाही. हाताला कौशल्य देणारी अ‍ॅप्रेंटिसशिप ही मोठी गोष्ट आहे. जुन्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, प्रशिक्षण केंद्रातून तयार झालेल्या कारागिरांचं नाव आजही पिंपरी-चिंचवडमध्ये आदराने घेतात. पण तिसऱ्या आठवड्यापासून लाईनवर पूर्ण कोटा देणारा मुलगा शिकतो आहे असं म्हणणं खोटं आहे, आणि सरकारनेच ते म्हणणं फार वाईट आहे.

कायदा याबाबतीत मुका नव्हता. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा नावातच ‘नियमन आणि उच्चाटन’ घेऊन आला. त्याखालच्या १९७१च्या नियमांत लिहिलं होतं की ठेकेदाराचा कामगार मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम करत असेल तर वेतन, सुट्ट्या, कामाचे तास सगळं सारखं हवं. पन्नास वर्षांहून अधिक काळ हा नियम पुस्तकात राहिला. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड इथे तो किती ठिकाणी लागू झाला ते आपण सगळे जाणतो. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात निकाल दिला की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. त्याआधी एअर इंडियाच्या निकालाने बंदीनंतर मूळ मालकाकडे कायम होण्याचा जो दरवाजा उघडला होता तो बंद झाला. नंतरच्या वर्षांत देशातल्या संघटित कारखानदारीत कंत्राटी कामगारांचं प्रमाण वाढत वाढत चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी मुख्य उत्पादनकामात कंत्राटी कामगारांवर बंदी ठेवली आहे खरी, पण त्या बंदीला अपवाद इतके आहेत की हुशार वकिलाला फार कष्ट पडू नयेत.

आता युनियनांकडे येतो. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण युनियन नसलेल्या कारखान्यापेक्षा दुबळी युनियन असलेला कारखाना कधीही बरा, असं मी मानतो. पण खरं बोलायला हवं. पुणे पट्ट्यातल्या बहुतेक कंपनी युनियनांचं वर्ष कराराभोवती फिरतं. तीन-साडेतीन वर्षांनी मागणीपत्र, वाटाघाटी, गेट मीटिंग, काळ्या फिती, मग करार, गुलाल आणि फटाके. दहा-पंधरा हजारांच्या वाढीचा ‘ऐतिहासिक करार’ झाल्याची बातमी फोटोसकट छापून येते. त्या करारात उत्पादनवाढीचं एक कलम असतं, म्हणजे लाईन अमुक टक्के वेगाने चालेल. तो वेग अंगावर घेणारे निम्म्याहून अधिक हात कंत्राटी असतात, ज्यांना वाढीतला रुपयाही मिळत नाही. पगारवाढ एकाची आणि टॅक्ट टाईम दोघांचा. कंत्राटी मुलाला कायम कामगारांबद्दल कडवटपणा वाटतो तो यामुळेच, आणि मॅनेजमेंटला तो कडवटपणा फार उपयोगी पडतो.

युनियनचे पदाधिकारी यावर सांगतात की कंत्राटी मुलांना सभासद करून घेतलं तर कंपनी त्यांना दुसऱ्याच दिवशी काढेल, मग आम्हीच त्यांच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल. यात तथ्य आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडा. निवृत्त झालेल्या कायम कामगाराच्या जागी कायम माणूस घेतला जात नाही. युनियनचा हजेरीपट दरवर्षी आटतो. आणि नव्या चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवण्यासाठी जी ५१ टक्क्यांची अट घातली आहे, ती आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या कामगारांच्या ५१ टक्क्यांची. ठेकेदाराच्या पटावरचे त्या मोजणीत येत नाहीत. म्हणजे तीन हजार माणसं राबतात अशा कारखान्यात नऊशे कायम असतील, तर साडेचारशेपेक्षा थोडे जास्त सभासद असलेली युनियन सगळ्यांच्या कामाचा वेग आणि पाळ्या ठरवणार. अशा युनियनला कंपनी कशाला घाबरेल? संपाची नोटीस आता प्रत्येक कारखान्यात १४ दिवस आधी द्यावी लागते. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संप धरला जातो. त्या १४ दिवसांत ठेकेदार किती माणसं उभी करू शकतो, हे चाकणमध्ये कुणाला सांगायला नको.

२०१३ साली बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात ५० दिवस काम बंद होतं. विश्वकल्याण कामगार संघटनेची मागणी त्या वेळी फार गाजली: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. मागणी धाडसी होती, तिच्यामागचा विचार मला आजही पटतो. पण कंपनीने उत्पादन वाळूज आणि उत्तराखंडमधल्या पंतनगरच्या कारखान्यांत हलवण्याचा इशारा दिला, आणि ऑगस्टमध्ये संघटनेला विनाअट माघार घ्यावी लागली. त्याआधी २४ वर्षं, सप्टेंबर १९८९मध्ये, राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते, पहाटेच्या पोलिस कारवाईने ते आंदोलन मोडलं. त्या लढ्यात मारहाणीचे आरोप झाले, चुका झाल्या, पण एका कारखान्यातले हजारो कायम कामगार एकदम रस्त्यावर उतरू शकत होते, सरकारला रात्रीतून हालचाल करावी लागत होती. आज एवढी माणसं एका युनियनच्या पटावर शोधूनही सापडणं कठीण. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उदाहरण आणखी ताजं आहे. डिसेंबर २०२०मध्ये तिथे उत्पादन थांबलं. सुमारे चौदाशे कायम कामगार काही वर्षं कोर्टात, रस्त्यावर, उपोषणात झगडत राहिले आणि शेवटी कारखाना ह्युंदाईकडे गेला. त्या बातम्यांमध्ये कंत्राटी कामगारांचा आकडा कुठे येतो का, बघा.

वाटणीविरुद्ध उभं राहण्याचा सगळ्यात मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला नाही, तो हरियाणात मानेसरला झाला. मारुती सुझुकीच्या कामगारांनी जून २०११मध्ये स्वतःची युनियन नोंदवण्यासाठी १३ दिवस कारखान्यात ठाण मांडलं. त्यांच्या तक्रारी आपल्या ओळखीच्याच होत्या: जेवायला अर्धा तास, चहाला सात मिनिटं, एक रजा पडली की पगारात मोठी कपात. ऑगस्टमध्ये कंपनीने ‘चांगल्या वर्तणुकीच्या’ हमीपत्रावर सही केल्याशिवाय आत घेणार नाही असं सांगितलं. आणि मग ऑक्टोबरमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. समझोता होऊन कायम कामगार आत गेले, पण सुमारे बाराशे कंत्राटी कामगारांना परत घेतलं नाही. तेव्हा कायम कामगारांनी त्यांच्यासाठी पुन्हा काम बंद केलं. स्वतःचा पगार पणाला लावून. भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात मला यापेक्षा मोठी घटना माहीत नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १८ जुलै २०१२ रोजी कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली, आणि मनुष्यबळ विभागाचे अधिकारी अवनीशकुमार देव यांचा मृत्यू झाला. कुठल्याही मागणीने त्या मृत्यूचं समर्थन होत नाही. तो लढा जितका उंच होता, तितकी ही घटना त्याला खाली घेऊन गेली. १४८ कामगारांवर खटला चालला, कित्येक जण जामिनाशिवाय वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. मार्च २०१७मध्ये न्यायालयाने त्यातल्या ११७ जणांना निर्दोष सोडलं, ३१ जणांना दोषी ठरवलं, १३ जणांना जन्मठेप झाली. पाचशेहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या आधीच गेल्या होत्या. पुण्यातल्या मॅनेजमेंटच्या लोकांनी त्यातून युनियन म्हणजे धोका एवढाच अर्थ काढला. युनियनवाल्यांनी काढलेला अर्थ मला जास्त खुपतो: कंत्राटींच्या भानगडीत पडलं की असं होतं. मला त्या घटनाक्रमात दिसतं ते वेगळंच. तक्रार मांडायची, ऐकून घ्यायची, सोडवायची सरळ वाट वर्षभर बंद ठेवली गेली होती. वाटाघाटीच्या टेबलाशी सगळ्या कामगारांना जागा असती, तर जुलैचा तो दिवस उजाडला असता का, हा प्रश्न उद्योगांनीच स्वतःला विचारायला हवा.

लाईनवरच्या वाटणीतून दुबळेपणा येतो, हे अमेरिकेतल्या मोटार कामगारांनाही उशिरा कळलं. २००७च्या करारात त्यांच्या युनियनने नव्या कामगारांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी मान्य केली होती. पुढची पंधरा वर्षं त्याची किंमत मोजली. २०२३मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी जो संप झाला, त्यात पगारवाढीइतकीच ही श्रेणी मोडण्याची मागणी पुढे होती, आणि पूर्ण पगारापर्यंत पोहोचायला लागणारी आठ वर्षं तीनवर आली.

या सगळ्यात ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते तो विषय बोटांचा आहे. मोठ्या कंपनीच्या आत सुरक्षेची व्यवस्था बऱ्यापैकी असते. खरी कत्तल होते ती भोसरी, तळवडे, चाकणच्या आतल्या गल्ल्यांतल्या पुरवठादार शेडमध्ये. पॉवर प्रेसवर पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मगच प्रेस खाली यावा, अशी रचना असते, म्हणजे हात आत राहूच नयेत. उत्पादन वाढवायला ती दोन बटणं काढून पायाचं पेडल लावतात, सेन्सर बंद करून ठेवतात. दहाव्या-अकराव्या तासाला डुलकी लागते आणि तर्जनी, मधलं बोट जागेवर जातं. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९पासून हरियाणा-महाराष्ट्रातल्या मोटार पुरवठा साखळीतल्या अशा अपघातांचे अहवाल काढते. त्यात पुन्हा पुन्हा तेच येतं: जखमींत पॉवर प्रेसवरचे सर्वाधिक, त्यांत कंत्राटी आणि स्थलांतरित अधिक, आणि ईएसआयचं कार्ड पुष्कळांच्या हातात पडतं ते अपघात झाल्यानंतर. कायद्याच्या परिशिष्टात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी कमी झाली असं धरतात, अंगठा गेला तर ३० टक्क्यांनी. फिटर म्हणून शिकलेल्या बावीस वर्षांच्या मुलाची तर्जनी गेल्यावर त्याच्या हातात किती काम उरतं, हे त्या टक्क्यांवरून कळत नाही. त्याला पुन्हा कोणती कंपनी घेणार?

चाकण खेड तालुक्यात येतं. त्याच तालुक्यातलं कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव. लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवलं. त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा जायबंदी झाल्यास चरितार्थाची सोय, हीही मागणी होती. रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली म्हणून लोखंडे आपल्या लक्षात राहिले. जायबंदी माणसाच्या चरितार्थाची त्यांची मागणी त्यांच्याच तालुक्यात अजून पुरी व्हायची आहे.

उद्योगांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि त्यातलं काही मला मान्य आहे. गाड्यांची मागणी वर-खाली होते. दसरा-दिवाळीला लाईन दोन पाळ्यांवरून तीनवर जाते, नंतर मंदी येते. एखादं मॉडेल पडतं. विजेवरच्या गाड्यांमुळे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या शॉपमधलं काम कमी होणार आहे, हेही खरं. काही माणसं तात्पुरती लागतील, मान्य. पण तात्पुरत्या माणसाला अनिश्चितता पत्करल्याबद्दल जास्त मोबदला द्यायला हवा, कमी कसा? ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या कामगाराला कायम कामगाराच्या तासाच्या दरावर साधारण २५ टक्के जादा द्यावे लागतात, कारण त्याला पगारी रजा आणि सुरक्षितता मिळत नाही. आपल्याकडे उलटं आहे, म्हणून ‘तात्पुरतं’ काम दहा-दहा वर्षं चालतं. मागणी वर्षभर स्थिर असलेल्या स्टेशनवरही कंत्राटी माणूस दिसतो, तेव्हा चढ-उताराचं कारण उरत नाही, फक्त स्वस्ताईचं उरतं.

दुसरं म्हणणं खंडणीचं. चाकण-तळेगाव पट्ट्यात युनियनच्या, माथाडीच्या नावाने कंपन्यांना त्रास देणाऱ्या टोळ्या आहेत. उद्योजकांच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि पोलिसांनी त्यात हयगय करू नये. पण त्याच पट्ट्यात मजूर पुरवण्याचं, भंगाराचं, बसचं, कँटीनचं कंत्राट कुणाच्या घरात जातं, हेही बघावं. जमिनी गेलेल्या गावांतल्या पुढाऱ्यांशी जुळवून घेण्यासाठी कंपन्यांनीच ही कंत्राटं वाटली. एका हाताने स्थानिक दबंगाला मजुरांचा ठेका द्यायचा आणि दुसऱ्या हाताने गुंडगिरीची तक्रार करायची, हे चालणार नाही. कामगाराच्या खऱ्या संघटनेची जागा मोकळी ठेवली की ती खंडणीवाला भरतो.

आणि उपाय आपल्या राज्यातच आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून तो आला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने त्याला बळ दिलं. आज या दुकानात, उद्या त्या गोदामात ओझं वाहणाऱ्या हमालाचा मालक ठरवणंच अशक्य होतं. कायद्याने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि कामगार, मालक, सरकार यांचं मंडळ केलं. हमालाची नोंद मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरतो, मंडळ पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, रजा देतं. मालक बदलला तरी हक्क माणसाबरोबर राहतात. पुढे १९८१मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही असाच कायदा झाला. या मंडळांत भ्रष्टाचार शिरला, बोगस माथाडी आले, हे मला ठाऊक आहे. पण डोक्यावर पोतं वाहणाऱ्या निरक्षर माणसाला ग्रॅच्युइटी मिळवून देणारी दुसरी व्यवस्था देशात कुणी उभी केली, ते मला दाखवा.

पुणे, वाळूज आणि नाशिक या तीन मोटार पट्ट्यांसाठी असं त्रिपक्षीय मंडळ का नसावं? कंपनीला हंगामापुरती माणसं हवीत, तर ती ठेकेदाराकडून न घेता मंडळाकडून घ्यावीत. कामगाराची नोंद, त्याचं कौशल्य, त्याची सेवाज्येष्ठता मंडळाकडे राहील. चाकणमधल्या एका कंपनीत सात महिने आणि तळेगावच्या दुसरीत आठ महिने केलेलं काम एकत्र मोजलं जाईल, ब्रेकने पुसलं जाणार नाही. पुढच्या कायम भरतीत त्या ज्येष्ठतेला पहिला मान. अपघाताची नोंद मंडळाकडे होईल, आणि सुटा भाग ज्या मोठ्या कंपनीच्या गाडीत बसतो तिच्यावरही जबाबदारी येईल. आज ती पुरवठादाराच्या शेडच्या दारात संपते. माणूस नाही म्हणाला म्हणून त्याचं नाव पटावरून गायब करता येणार नाही, आणि मग कुठे लेखी संमतीला थोडा अर्थ येईल. ठेकेदाराचं कमिशन वाचेल, त्यातून लेव्हीचा बराच भाग निघेल, त्यामुळे खर्चाची ओरड मला फार पटत नाही.

हे सरकार आपणहून करेल असं मी मानत नाही. १९६९चा कायदाही आपणहून झाला नव्हता. मागणी युनियनांकडूनच यायला हवी, आणि त्यासाठी त्यांनी आधी स्वतःची घटना उघडून पाहावी. सभासदत्वाच्या कलमात ‘कंपनीचा कायम कामगार’ असं लिहिलं असेल तर ते बदलायला सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. पहिल्या दिवशी शंभर कंत्राटी मुलं सभासदत्वाची पावती फाडायला येणार नाहीत, कारण त्यांना अजून कायम कामगारांवर विश्वास नाही. विश्वास करारातून येईल. येत्या वर्षात पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगावच्या कितीतरी कंपन्यांचे करार संपतात. त्यांच्या मागणीपत्रात उत्पादनवाढीचं कलम लिहिताना त्या वेगाचा मोबदला लाईनवरच्या प्रत्येकाला, मग तो कुणाच्याही पटावर असो, अशी ओळ असावी. तिच्याखाली दुसरी ओळ, की अमुक वर्षं त्याच स्टेशनवर काम केलेल्याला ब्रेक देता येणार नाही. कंपनी या दोन ओळी खोडायला सांगेल आणि बदल्यात कायम कामगारांना दोन हजार रुपये जास्त देऊ करेल. तेव्हा टेबलाशी बसलेले पाच-सात प्रतिनिधी काय करतात, यावर पुढच्या दहा वर्षांत त्या टेबलाशी युनियन उरते की नाही ते ठरणार आहे.